सापडेल असे ठेवा : शाळेच्या संगणकाचा ‘स्टार्ट मेनू’ आणि शोध

(संस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात संगणकाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली तेव्हा मी थोडा संकोचलो. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. बी. ए., बी. एड. झालेला, मराठी आणि इतिहास हे विषय शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. आधी सांगली जिल्ह्यात आणि आता सातारा जिल्ह्यात नोकरी करीत असताना शाळेच्या संगणकाशी माझा जो संबंध आला, तो शिकविण्यापेक्षा शोधण्याच्या निमित्तानेच अधिक आला. म्हणून मी आज मोठ्या गोष्टी बोलणार नाही. संगणक सुरू केल्यावर कोपऱ्यातील ज्या बटणावर आपण पहिल्यांदा बोट ठेवतो ते ‘स्टार्ट’ बटण, त्यामागे उघडणारी यादी आणि तिच्या शेजारची शोधपेटी, एवढाच माझा विषय आहे.

विषय लहान वाटेल. तो मला लहान का वाटत नाही, हे सांगण्यासाठी प्रथम माझ्याच हातून घडलेली एक चूक आपणांसमोर कबूल करावयाची आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. घरे, दुकाने गेली, नगर वाचनालयातील हजारो पुस्तके भिजली आणि अनेक शाळांची दप्तरेही पाण्याखाली गेली. मी ज्या शाळेत होतो तेथील जनरल रजिस्टरेही भिजली. आम्ही ती पानापानांत कोरे कागद घालून, पंख्याखाली ठेवून वाळविली. बरीचशी वाचण्याजोगी राहिली, पण पुठ्ठे गळाले, कोणते रजिस्टर कोणत्या सालचे हे चटकन कळेना. समाधान एवढेच, की पुराच्या काही वर्षे आधी एका उत्साही लिपिकाने जुन्या रजिस्टरांतील नावांची यादी संगणकावर उतरवून ठेवली होती आणि तो संगणक वरच्या मजल्यावर होता.

जून २०२२ मध्ये बारावी झालेली एक मुलगी आपल्या दादीबरोबर शाळेत आली. तिच्या समाजाचा समावेश इतर मागासवर्गात होतो. पुढच्या शिक्षणासाठी जात-पडताळणी हवी होती आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपणांपैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. तिचे आजोबा आमच्याच शाळेत शिकले होते. त्यांच्या नोंदीचा उतारा मिळाला की काम होणार होते. लिपिक रजेवर असल्यामुळे मी स्वतः संगणकासमोर बसलो. स्टार्टच्या शोधपेटीत आजोबांचे नाव टाइप केले. काही आले नाही. आडनाव टाकले, तरीही काही नाही. मी मान वर करून सांगितले, “नोंद नाही.”

दादी म्हणाल्या, “सर, माझे मालक चौथीपर्यंत याच शाळेत होते. नाव नाही असं कसं होईल?”

मी पुन्हा एकदा टाइप केले आणि पुन्हा तेच सांगितले. त्या आणखी दोनदा येऊन गेल्या. मुदत संपली. खुल्या गटातून पूर्ण शुल्क भरण्याची घरची ताकद नव्हती. त्या मुलीचे वर्ष गेले.

दिवाळीच्या सुटीत माझ्या मनाला स्वस्थता वाटेना, म्हणून मी त्या संगणकातील एकेक फोल्डर उघडून पाहू लागलो. ‘न्यू फोल्डर (३)’ नावाच्या फोल्डरात ‘यादी फायनल २’ नावाची फाइल होती. तिच्यात आजोबांचे नाव, रजिस्टरचा क्रमांक आणि पान क्रमांक, सर्व काही व्यवस्थित लिहिलेले होते. त्या पानावर रजिस्टरातील मूळ नोंदही सुवाच्य होती. म्हणजे नोंद होती, रजिस्टर होते आणि यादीही होती. तरीही मी ‘नाही’ म्हटले होते, आणि संगणकाने म्हटले म्हणून ते खरे मानले होते.

बंधू-भगिनींनो, शोधपेटीत नाव आले नाही याचा अर्थ ते नाव अस्तित्वात नाही, असा होत नाही. ‘मी जेथे पाहिले, ज्या अक्षरांनी पाहिले, तेथे मिळाले नाही’ एवढाच त्याचा अर्थ असतो. ही गोष्ट मला त्या दिवशी ठाऊक असती तर एका मुलीचे वर्ष वाचले असते. तो शोध का फसला, याची कारणे मी नंतर एकेक करून समजून घेतली. तीच आज आपणांसमोर मांडतो.

पहिले कारण जागेचे. आपण शोधपेटीत शब्द टाकतो तेव्हा संगणक सर्व कपाटे त्या क्षणी उघडून पाहत नाही. त्याने आधीच एक सूची तयार करून ठेवलेली असते आणि तो त्या सूचीत पाहतो. ग्रंथालयातील कार्डांच्या कपाटासारखीच ही व्यवस्था आहे. ज्या पुस्तकाचे कार्डच केले नाही, ते पुस्तक फळीवर असूनही वाचकाला मिळणार नाही. विंडोज ११ मध्ये या सूचीचे दोन प्रकार आहेत. ‘क्लासिक’ प्रकारात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढ्याच जागा पाहिल्या जातात. ‘एन्हान्स्ड’ प्रकारात सर्व संगणक पाहिला जातो. आपल्या शाळांतून मात्र जुन्या सवयीने महत्त्वाचे दप्तर ‘डी’ ड्राइव्हवर ठेवण्याची पद्धत आहे. विंडोज बिघडली आणि ‘सी’ पुसावा लागला तरी ‘डी’ राहतो, म्हणून ही पद्धत पडली, आणि ती चुकीची नाही. पण मग ‘डी’ वरचे दप्तर सूचीत घालणे आपले काम आहे. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात शोधाची सेटिंग्ज मिळतात. तेथे शोधाच्या जागा बदलण्याची सोय आहे, तिच्यातून ‘डी’ वरील शाळेचा फोल्डर निवडावा. आवृत्तीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण सोय तीच. सूची पहिल्यांदा तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम शनिवारी दुपारी करून संगणक सुरू ठेवावा.

दुसरे कारण अक्षरांचे, आणि ते अधिक खोल आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे मराठी टाइप झाले ते कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांतून. रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर ज्यांची बोटे तयार झाली होती, त्यांना हे टंक सोयीचे होते आणि त्यांच्यावर लाखो पाने उत्तम छापली गेली. पण या टंकांत एक गोष्ट लपलेली आहे. पडद्यावर दिसते देवनागरी, पण फाइलच्या आत असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. कृतिदेवमध्ये ‘शेख’ असे टाइप केले तर आत साठते ते असे : एक अवतरणचिन्ह, इंग्रजी के, एस, चौकोनी कंस आणि पुन्हा के. टंक म्हणजे त्यावर घातलेला बुरखा. आता शोधपेटीत आपण खऱ्या देवनागरीत ‘शेख’ टाइप केले, तर संगणकाला त्या दोघांत काहीच साम्य दिसत नाही. त्यात त्याचा दोष नाही.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. याचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण त्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. भारतीय लिपींसाठी समान इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ साली ठरला. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय भाषांचे मोठे काम तेथे झाले. इस्की ही भारतीय लिपींची प्रमाण संकेतप्रणाली १९९१ साली राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर आधारलेली आहे. विंडोज २००० पासून देवनागरी सरळ युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागली. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक मराठी कवी आणि अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी यांनी तयार केलेला आहे. आपण रोज ज्या अक्षरांत शासनाची पत्रे वाचतो, त्यामागे आपल्याच भाषेतील एका कवीचा हात आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

तेव्हा नवीन मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. इनस्क्रिप्ट जमत नसेल, तर विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा ध्वनिलेखी कळफलकही आहे. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे मराठी उमटते. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी साधने मिळतात, पण दोन पथ्ये पाळावीत. मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे आणि बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावा. जुन्या टंकात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो. म्हणून अदलाबदल करताना नेमक्या याच ठिकाणी चुका राहतात.

तिसरे कारण शुद्धलेखनाचे, म्हणजे आम्हा मराठीच्या शिक्षकांच्या आखत्यारीतले. माझ्या एकाच वर्गाच्या तीन याद्यांत मला ‘आयेशा’, ‘आयशा’ आणि ‘आएशा’ अशी एकाच मुलीची तीन नावे मिळाली. ‘सय्यद’, ‘सैय्यद’ आणि ‘सैयद’, ‘मोमीन’ आणि ‘मोमिन’, ‘फातिमा’ आणि ‘फातीमा’ यांची गोष्ट आपणांस नवी नाही. माणसाला ही सर्व नावे एकच वाटतात, संगणकाला वेगळी. काही फरक तर डोळ्यांनाही दिसत नाहीत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील फरक आपण वर्गात शिकवितो. पण त्या दुसऱ्या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होऊ शकतो. छापून आल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र संकेत वेगवेगळे असतात. उर्दू नावांसाठी अक्षराखाली नुक्ता देण्याचेही असेच आहे. कोणी देतो, कोणी देत नाही.

आपल्या संस्थेच्या उर्दू माध्यमाच्या शिक्षकांनाही हा अनुभव असेल. उर्दूचा ‘काफ’ आणि ‘ये’ यांचे संकेत अरबीतील त्याच अक्षरांहून वेगळे आहेत. अरबी कळफलकावर उर्दू लिहिली, तर शब्दाच्या मध्ये आलेला ‘ये’ दिसतो सारखाच, पण शोधताना सापडत नाही. इनपेजमधील जुन्या फाइलींचीही कथा आपल्या कृतिदेवसारखीच आहे. मजकूर सुंदर छापून निघतो, पण शोधपेटीला वाचता येत नाही.

यावर माझी सूचना अशी, की प्रत्येक शाळेने नावांसाठी एक नियम ठरवून तो भिंतीवर लावावा. जन्मदाखल्यावर आणि आधार कार्डावर जे रूप आहे तेच यादीत. आडनाव आधी. नुक्ता नाही. अंक एकाच प्रकारचे, मराठी किंवा इंग्रजी, मिसळलेले नाहीत. आणि यादीत मराठी नावाशेजारी इंग्रजी नावाचाही रकाना. यू-डायस प्लससाठी तो रकाना आपल्याला लागतोच, शिवाय एका लिपीत चुकलेला शोध दुसऱ्या लिपीत लागतो. शोधताना पूर्ण नाव टाकण्याचा आग्रह धरू नये. ‘सय’ एवढीच सुरुवात टाकावी, मग ‘सैय’ टाकून पाहावे, मग फक्त गावाचे किंवा आईचे नाव. जुना शिपाई रजिस्टर शोधताना जसे चार बाजूंनी विचारीत असे, तसेच आपणही चार बाजूंनी विचारावे.

आता स्टार्ट मेनूकडे वळतो. स्टार्ट बटण जन्मले ते विंडोज ९५ बरोबर, २४ ऑगस्ट १९९५ रोजी. एका जागी बोट ठेवले की संगणकातील सर्व काही मिळावे, ही त्यामागची कल्पना. पुढे २००७ साली व्हिस्टाबरोबर त्या यादीतच शोधपेटी आली. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते बटणच काढून टाकले आणि साऱ्या पडद्यावर रंगीत फरशा बसविल्या. लोक गोंधळले. पुढच्याच वर्षी बटण परत आले आणि २०१५ साली विंडोज १० मध्ये मेनूही परतला. २०२१ साली विंडोज ११ ने ते डाव्या कोपऱ्यातून उचलून मध्यभागी आणले. एवढ्या मोठ्या कंपनीलाही दाराची जागा वारंवार बदलावी लागली. मग आपल्या शाळेतील पन्नाशीच्या शिक्षिका नव्या संगणकासमोर क्षणभर थबकल्या, तर त्यांना हसू नये. त्यांचे दार कोणीतरी न विचारता हलविलेले असते.

पण हे दार आपल्या सोयीने लावता येते. ज्यांची नजर डाव्या कोपऱ्याला सरावली आहे, त्यांनी खालच्या पट्टीवर उजवे बटण दाबून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडावीत आणि मांडणीत ‘लेफ्ट’ निवडावे. बटण जुन्या जागी येईल. दोन मिनिटांचे काम आहे. पण मी पाहिले आहे, की एवढ्यानेच अनेकांची निम्मी भीती जाते.

त्यानंतर यादीत काय ठेवावयाचे, हे ठरवावे. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळचे किंवा साताऱ्याच्या पेठेतले कोणतेही किराणा दुकान पाहा. मीठ, साखर, चहा हाताशी असतात. केशराची डबी मागच्या कपाटात असते. गिऱ्हाईक रोज काय मागते यावर दुकानाची मांडणी ठरते. आपला स्टार्ट मेनू मात्र आपण जसा आला तसाच ठेवतो. त्यात खेळ, जाहिरातीवजा कार्यक्रम, कधीही न उघडलेली चित्रे असतात. ज्या वस्तू नकोत त्यांवर उजवे बटण दाबून त्या काढाव्यात. ज्या हव्यात त्या ‘पिन टू स्टार्ट’ म्हणून आणाव्यात. कार्यक्रमच नव्हे, तर फोल्डरही असे आणता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या कार्यालयातील संगणकावर आम्ही सहाच गोष्टी ठेवल्या : जनरल रजिस्टर, निकाल, शिष्यवृत्ती, परिपत्रके, मराठी लेखनासाठी वर्ड आणि ब्राउझर. लिपिक बदलला तरी दप्तर कोठे आहे हे आता विचारावे लागत नाही.

येथे दुसरा एक प्रसंग सांगतो. विंडोज ११ च्या मेनूत नुकत्याच उघडलेल्या फाइली दाखविण्याची सोय आहे. स्वतःच्या संगणकावर ती उपयोगाची, पण दहा जणांच्या संगणकावर घातक. आमच्या संगणक-कक्षात एका शिक्षकांनी सहामाहीची गणिताची प्रश्नपत्रिका तयार केली आणि संगणक सुरू ठेवून ते तासाला गेले. पुढच्या तासाला नववीच्या मुलांनी स्टार्ट दाबले, तर समोरच ‘नववी गणित सहामाही’ असे नाव! मुले प्रामाणिक निघाली, त्यांनीच येऊन सांगितले. तरीही रात्री बसून नवी प्रश्नपत्रिका काढावी लागली. दोष आमचाच होता. सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’ आणि त्यात ‘स्टार्ट’ येथे जाऊन नुकत्याच उघडलेल्या फाइली दाखविण्याचे बटण बंद करावयास हवे होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी वेगवेगळी खाती ठेवावयास हवी होती. मुलांचे खाते साधे असावे, म्हणजे त्यांना कार्यक्रम टाकता किंवा काढता येत नाहीत आणि शिक्षकांच्या फाइली त्यांच्या मेनूत दिसत नाहीत. शोधपेटीत रोज नवी चित्रे आणि बातम्या दाखविणारे ‘सर्च हायलाइट्स’ही मुलांच्या खात्यावर बंद करावे. शोधावयास बसलेला मुलगा त्या चित्रामागे भलतीकडे जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

कोणी म्हणेल, सारा मेनूच मराठीत का नसावा? तो मिळू शकतो. भाषेच्या सेटिंग्जमधून मराठी भाषा जोडली, की बऱ्याच सूचना मराठीत दिसू लागतात. माझे मत असे, की मुलांनी दोन्ही भाषांत मेनू पाहावा. घरी इंग्रजी नसलेल्या मुलाला पहिली ओळख मराठीतून झाली, तर तो धीट होतो. पुढे कार्यालयात इंग्रजी मेनू दिसला, तरी जागा ओळखीच्या असतात. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांनी खेड्यापाड्यांत हजारो मुलामुलींना माउस धरावयास शिकविला. पण मी पाहिले, की बहुतेकांनी बटणांच्या जागा पाठ केल्या. बटण हलले की ज्ञान संपले. आपण जागा पाठ करून घेऊ नये. यादी कशी लावली जाते आणि सूची कशी तयार होते, हे शिकवावे.

पालकांसाठीही एक गोष्ट सांगतो. विंडोज १० चा सांभाळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आहे. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. म्हणून ते भंगारात काढण्याची घाई करू नका. अशा संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली चालू शकते. तिच्यातही मेनू आणि शोध आहे, तोही आपल्या सोयीने लावता येतो. मराठीतही ती मिळते. विंडोजवर जुन्या धाटणीचा मेनू आणून देणारे ‘ओपन-शेल’सारखे मोफत कार्यक्रमही आहेत. मात्र असे काही घ्यावयाचे, तर जाणकाराच्या मदतीने आणि मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. नावासारखे नाव घेऊन फसविणारे पुष्कळ आहेत.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. संगणकातील यादी म्हणजे रजिस्टर नव्हे. दाखला मूळ रजिस्टरावरूनच द्यावयाचा असतो. यादीने फक्त वाट दाखवावयाची : अमुक रजिस्टर, अमुक पान. म्हणून यादीत नावाबरोबर आईचे नाव, जन्मतारीख, रजिस्टरचा क्रमांक आणि पान क्रमांक हे रकाने असलेच पाहिजेत. फाइलीचे नाव वाचताच आत काय आहे ते कळावे. ‘फायनल २’ या नावावरून काहीच कळत नाही. ‘जनरल रजिस्टर १९५२ ते १९५८’ यावरून सर्व कळते. आणि त्या यादीची एक प्रत संगणकाबाहेर, शक्य तर गावाबाहेर असावी. नदीकाठी राहणाऱ्या माणसांना याचे कारण सांगावयास नको.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्याला त्यांनी स्वतंत्र स्थान दिले. आपल्याकडे दाखला मागावयास येणाऱ्या माणसाचा वेळ बहुधा मजुरीचा असतो. तो एक दिवसाची रोजी बुडवून एस.टी.ने येतो. त्याला ‘उद्या या’ म्हणणे सोपे आहे आणि ‘नोंद नाही’ म्हणणे त्याहून सोपे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, ती अशाच माणसांच्या मुलांसाठी. त्या साताऱ्याच्या मातीत काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेने ही जाण ठेवलीच पाहिजे.

त्या मुलीविषयी आपण विचाराल. पुढच्या वर्षी उतारा मिळाला, पडताळणी झाली आणि तिला प्रवेश मिळाला. उतारा घ्यावयास तिची दादी स्वतः आली होती. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी कागदावरच्या नावावर बोट ठेवून मला ते मोठ्याने वाचावयास सांगितले. मी वाचले. त्या एवढेच म्हणाल्या, “होतं ना?”

तेव्हापासून मी ‘नोंद नाही’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी चार गोष्टी करतो : दुसऱ्या स्पेलिंगने शोधतो, दुसऱ्या लिपीत शोधतो, जुन्या टंकातील फाइली उघडून पाहतो आणि शेवटी रजिस्टर हातात घेतो. आपल्या संस्थेच्या प्रत्येक शाळेने येत्या एखाद्या शनिवारी दोन तास काढून कार्यालयाचा संगणक असा लावून घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे. मला बोलावले तर मी येईन. माझ्यापेक्षा अधिक जाणणारे नववी-दहावीचे विद्यार्थी आपल्याकडे आहेत. त्यांना बरोबर घेऊन हे काम केले, तर त्यांच्याही हातून एक उपयोगी काम होईल.